चोरबाजारातील किंगपिन

मुंबईस ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे चालू लागले असता थोड्याच वेळात मटन स्ट्रीट लागते. ही गल्ली व तिच्या आजूबाजूचे बोळ मिळून चोरबाजार होतो. मूळ नाव ‘शोर बाजार’ असून त्याचा पुढे अपभ्रंश झाला, असे सांगतात. ग्रामोफोनचे कर्णे, झुंबरे व जहाजांवरील दिवे पाहून नवखा प्रवासी येथे थबकतो. परंतु आम्ही ज्या स्नेह्यांसमवेत गेलो होतो, त्यांचे लक्ष मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांकडे होते. त्यांच्या १९६८ सालच्या फियाट गाडीस पुढील चाकांच्या किंगपिना हव्या होत्या.

ही गाडी कुळाने इटालियन खरी, पण संसार तिने कुर्ल्यास थाटला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने १९६४ पासून ती ‘११०० डिलाइट’ ह्या नावाने बांधली. पुढे तीच ‘पद्मिनी’ झाली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि सुकाणूच्या चक्राखाली गिअरचा दांडा, अशी तिची सुटसुटीत रचना. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

किंगपिन म्हणजे जिच्याभोवती पुढील चाक डावी-उजवीकडे वळते ती पोलादी खीळ. तिच्या भोवती बुश नावाचे धातूचे अस्तर असते. वेळेवर ग्रीस न मिळाल्यास दोन्ही झिजतात आणि सुकाणू थरथरू लागते. दुकानातील वृद्ध चाचांनी माल दाखविण्यापूर्वीच परीक्षा घेतली. चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलविले होते काय? हलत असता दुसऱ्याने ब्रेक दाबला होता काय? ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिला तर किंगपिनचा. आमच्या स्नेह्यांनी ही परीक्षा केली होती, हे ऐकूनच त्यांनी फळीवरची पेटी खाली काढली.

पिना उत्तम निघाल्या. त्याच पेटीत ब्रेकच्या रबरांचे एक न उघडलेले पाकीटही होते. मूळचे वेष्टन पाहून स्नेह्यांचा चेहरा खुलला. परंतु चाचांनी ते शांतपणे बाजूस सारले. “साहेब, लोखंड जुने घ्या, रबर ताजे घ्या,” एवढेच ते म्हणाले. पोलाद कोरडे ठेवले तर वर्षानुवर्षे टिकते. रबर मात्र पाकिटात पडल्या पडल्याही कडक होऊन तडकते, आणि ब्रेकचे रबर फाटले तर प्राणाशी गाठ पडते. जुन्याचा अभिमान कोठे धरावा व कोठे सोडावा, ह्याचा इतका नेमका विवेक आम्हांस विद्वानांच्या सभेतही क्वचितच आढळला आहे. बुश, ब्रेकची अस्तरे, ऑइल सील हे भाग स्वतः झिजून इतरांस राखण्यासाठीच जन्मास आलेले. ते बदलण्यात गाडीचा अवमान नाही. पत्रा, दरवाजे, मीटरची पाटी ह्यांत मात्र तिची ओळख असते. ती होईल तो दुरुस्तच करावी.

चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. हा व्यापार हौशी लोकांनी नव्हे, तर काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी जगविला. रोज धावणारी गाडी रोज काही झिजवी, म्हणून कोणी पिना कातीत असे, कोणी विकत असे, कोणी बसवीत असे. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. धुरकट हवेच्या शहरात तो नियम अन्यायाचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रविवारी एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीवर कारागिराचे घर चालत नाही, आणि कारागीर उठून गेला म्हणजे पैसा असूनही हात मिळत नाही.

म्हणून ज्यांच्या अंगणात अशी गाडी झाकून ठेवलेली असेल, त्या वाचकांस आमची एकच सूचना आहे. नवा भाग बसविल्यावर जुना भंगारात टाकू नये. तो पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवावा. उद्या बाजारात माल मिळेनासा झाला, तर लेथवाल्यास नवा भाग कातण्यासाठी तोच झिजका तुकडा नमुना म्हणून उपयोगी पडेल.