बिऱ्हाड कोठें करावें?

माणसानें म्हातारपणीं कोठें राहावें, या प्रश्नाचें उत्तर तरुणपणीं फार सोपें असतें. छत्तीस वर्षांच्या शिक्षकाच्या नोकरींत मला कोणीं हा प्रश्न विचारला, तर मी क्षणाचाहि विचार न करतां "आमच्या गांवीं" असें सांगत असें. पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत बसून गुहागर तालुक्यांतल्या आमच्या घराची पडवी, परसांतला रायवळ आंबा आणि कुंपणापलीकडचा पऱ्या मीं इतक्या वेळां मनानें पाहिले आहेत, कीं प्रत्यक्ष पाहण्याची उणीव मला कधीं फारशी भासली नाहीं. पुढें निवृत्त झालों, उत्तर देण्याची वेळ खरोखरच आली, आणि तेव्हां मात्र माझी जीभ अडखळली.

त्याला कारणहि तसेंच घडलें. माझ्या पत्नीचें हृदय दुबळें झाल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, आणि आम्ही दाराशीं पोंचल्यावर मागून एक वाक्य जोडलें, "इस्पितळ अर्ध्या तासाच्या आंत असूं द्या." त्या एका वाक्यानें माझी पडवी, आंबा आणि पऱ्या हीं सारीं एका रेघेच्या बाहेर गेलीं. रेघेच्या आंत, आमच्या गांवापासून सुमारें तीस किलोमीटरांवर, चिपळूण होतें.

चिपळूण हें आतां चांगलेंच रहदारीचें ठिकाण झालें आहे. मुंबई-गोवा महामार्ग तेथून जातो. कुंभार्ली घाटानें कऱ्हाडशीं त्याची गांठ पडते. आणि १९९८ सालीं कोंकण रेल्वे सबंध सुरू झाल्यापासून मुंबईची वाट इतकी सोपी झाली आहे, कीं आमच्या लहानपणच्या प्रवासाच्या हकीकती नातवंडांना दंतकथा वाटतात. येथें १८६४ सालीं स्थापन झालेलें वाचनालय आहे, आणि २०१३ सालीं मराठी साहित्य संमेलनहि येथें भरलें होतें. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला याहून अधिक काय हवें?

जागा दाखविणाऱ्या दलालानें सारा हिशेब मिनिटांत सांगितला. स्टेशन दहा मिनिटें, एस. टी. स्टँड पांच मिनिटें, इस्पितळ सात मिनिटें. मीं विचारलें, "आणि नदी?" तो एकदम गप्प झाला. तळमजल्यावर बसलेल्या पहारेकऱ्यानें मात्र कांहीं न बोलतां आपल्या डोक्याच्या वर हात नेऊन भिंतीवरची एक फिकट, मातकट रेघ दाखविली. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी तेथवर चढलें होतें. त्या पाण्यानें दुकानें आणि घरें तर सोडलीं नाहींतच, पण वाचनालयांतल्या पुस्तकांतहि तें शिरलें. २००५ सालच्या जुलैंतहि हें शहर असेंच बुडालें होतें. महामार्ग, घाट आणि रेल्वे यांच्याप्रमाणें नदीहि आपल्या वाटेनें शहरांत येते, हें दलालाच्या हिशेबांत नव्हतें.

तेथून आम्ही गांवीं गेलों. माझे थोरले बंधु वारल्यापासून घरांत वहिनी एकट्याच असतात. आम्ही येणार म्हणून त्यांनीं माजघर सारवून घेतलें होतें. रात्रीं त्या ओसरीवर अंथरूण झटकतांना मला दिसल्या, आणि साठ वर्षांपूर्वीचें एक दृश्य डोळ्यांसमोर उभें राहिलें. याच ओसरीवर माझ्या धाकट्या बहिणीला विंचवानें दंश केला होता. गांवाला रस्ता नव्हता. चौघांनीं डोली करून तिला उचललें; मी कंदील घेऊन पुढें चाललों होतों. दुसऱ्या खिंडींत वडिलांनीं डोली खालीं ठेवायला सांगितली, आणि पुढें कोणी चाललें नाहीं. पुढें महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि कोंकणांतील विंचवाच्या दंशानें होणारे मृत्यु पुष्कळ कमी झाले. त्यांच्याविषयीं कांहीं छापून आलें, म्हणजे मी तें कापून ठेवतों. तें कां, हें मीं आजवर घरांत कोणास सांगितलें नव्हतें.

आतां गांवांत डांबरी सडक आहे, वीज आहे, आणि १०८ क्रमांकाला फोन केला तर रुग्णवाहिकाहि येते. परंतु ती येऊन वळणावळणानें चिपळूण गांठीपर्यंत, पावसाळ्यांत, दीड तास धरावा लागतो.

परततांना चिपळुणांत माझ्या एका बालमित्राकडे उतरलों. तो आमच्या गांवच्या बौद्धवाडींतला. चाळीस वर्षांपूर्वीं गांव सोडून येथें स्थायिक झालेला. मीं विचारलें, "तुला गांवाची आठवण येत नाहीं का रे?" तो हंसून म्हणाला, "येते तर! पण तुझी आठवण विहिरीच्या कांठावरची आहे, माझी कांठापासून चार हात दूरची." १९४८ सालच्या नोव्हेंबरांत घटनासमितीपुढें बोलतांना डॉक्टर आंबेडकरांनीं खेड्यांना संकुचितपणाचीं आणि अज्ञानाचीं ठाणीं मानलें, आणि घटनेनें खेड्याऐवजीं व्यक्ति हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलें. वर्गांत हें मीं अनेकदां शिकविलें. पण माझ्या पडवीच्या स्वप्नाला तें कधीं लावून पाहिलें नव्हतें. ज्याचें घर गांवाच्या मध्यावर, त्यालाच गांव इतकें गोड लागतें.

इतकें होऊनहि गोष्ट सरळ उलगडली नाहीं. कारण माझ्या पत्नीनें गांवच्या बाजूनें कौल दिला. ती म्हणाली, "अहो, इस्पितळाजवळच राहायचें, तर पुण्यांत काय वाईट होतें? जन्मभर तुम्हांला गांव हवें होतें. आतां माझ्या दुखण्याच्या निमित्तानें तुम्ही मधल्याच स्टेशनावर उतरतां आहां." तिचें म्हणणें खोडून काढायला माझ्याजवळ मुद्दा नव्हता. तेव्हां मीं तिला त्या रात्रीची, कंदिलाची आणि दुसऱ्या खिंडीची हकीकत सांगितली. ती पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तर चिपळूणच. पण वहिनींना तुम्ही सांगायचें."

मीं सांगितलें. वहिनींनीं सुपांतले तांदूळ निवडणें थांबविलें नाहीं. "मजला कितवा?" एवढेंच त्यांनीं विचारलें.

"दुसरा."

"बरें केलेंत, भाऊजी. पुराच्या वेळीं आपल्या वाडींतून भाकऱ्या गेल्या होत्या तिकडे. रात्रभर थापीत होतों आम्ही."

मीं भीतभीत म्हटलें, "तुम्हीहि चला ना आमच्याबरोबर."

"आणि गाय कुठल्या मजल्यावर बांधूं?" असें म्हणून त्या हंसल्या. मलाहि हंसावें लागलें.

या गोष्टीला आतां एक वर्ष होऊन गेलें. पत्नीची प्रकृति ठीक आहे. दोनदां इस्पितळांत न्यावें लागलें, आणि दोन्ही वेळां तीं सात मिनिटें उपयोगीं पडलीं. निवड चुकली असें मी म्हणणार नाहीं. पण तिच्या हृदयाचा विचार करतांना मीं एक रेघ ओढली, आणि त्या रेघेच्या पलीकडे, इस्पितळापासून दीड तासावर, सत्तरी ओलांडलेली रक्तदाबाची एक रोगी राहिली, हेंहि मला विसरतां येत नाहीं.

दर मंगळवारीं मी स्टँडवर जातों. गांवच्या गाडीच्या कंडक्टरजवळ वहिनींनीं दिलेली कापडी पिशवी असते. तिच्यांत ऋतूप्रमाणें पडवळ, अळूचीं पानें, आमसुलें, कधीं केळफूल असतें. त्याच पिशवींत मी त्यांच्या महिन्याच्या गोळ्या घालून परत पाठवितों. गोळ्या घेतां कीं नाहीं, असें फोनवर विचारलें तर त्या विषय बदलतात. पण अलीकडे पिशवीच्या तळाशीं, भाजीच्या खालीं, गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें नीट घडी करून ठेवलेलीं असतात. भाजी काढण्याआधीं मी तीं मोजतों.