‘मॉडरेट’ पाऊस

वर्तमानपत्रात होतो तेव्हा पावसाळ्यात हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक मराठीत आणायचं काम माझ्याकडे असे. त्यात ‘मॉडरेट’ हा शब्द हमखास यायचा आणि त्याचं ‘मध्यम स्वरूपाचा पाऊस’ व्हायचं. शब्द बिनचूक होता. चोवीस तासांत 15.6 ते 64.4 मिलिमीटर म्हणजे मॉडरेट, अशी खात्याची व्याख्याच आहे.

एका जूनमध्ये लातूरकडून मामांचा फोन आला. “मध्यम पाऊस छापलास ना? ये, बघून जा एकदा तुझा मध्यम.”

गेलो. सोयाबीनची पेरणी नुकतीच उरकली होती. पाऊस संध्याकाळी आला, तासा-दीडतासात कोसळून गेला. मंडळाच्या पर्जन्यमापकावर नोंद 58 मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. त्या हिशेबाने एका एकरावर सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी. काळ्या रानात एवढं पाणी एवढ्या घाईनं मुरत नाही. बांध फुटला, बियाणं मातीसकट ओढ्याला गेलं. उरलं त्याच्यावर ऊन पडताच मातीची खपली धरली. मोड वर येईना. मामा बांधावर उभे राहून म्हणाले, “दिवसभर रिपरिप पडला असता तर ह्याच पावसाला मी नारळ फोडला असता.”

खरंच होतं ते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तो पाऊस बहुधा अशा मध्यम दिवसांनीच भरून येतो. म्हणजे पेरणी साधते तीही मॉडरेट पावसानं, आणि वाहून जाते तीही.

पुढे पंचनाम्याची गोष्ट निघाली. नुकसानभरपाईला अतिवृष्टी लागते, आणि मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला तर ती अतिवृष्टी. “अठ्ठावन्न बसत नाही त्यात,” असं सांगून तलाठी मोटारसायकलला किक मारून गेले. त्यांचा तरी काय दोष! मामांनी दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणलं.

चोवीस तासांची बेरीज सांगणारं हे विशेषण पाऊस किती वेगानं पडला ते सांगत नाही, आणि रानाचा सगळा निकाल त्या वेगावर लागतो. म्हणून पावसाची बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: आकडा मिळाला की ‘मध्यम’च्या शेजारी मिलिमीटर छापा, आणि तो किती तासांत पडला तेही.