वाडगा घेऊन चन्नपट्टणास

प्रवासास निघताना माणसे येताना आणावयाच्या जिनसांसाठी एक पिशवी रिकामी ठेवतात. गेल्या एप्रिलच्या सुटीत आम्ही मात्र बेळगावहून निघालो ते पिशवीत एक तडकलेला लाकडी वाडगा घेऊन. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बंगळूर गाठले, तेथील खात्याचे काम उरकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. सुमारे साठ किलोमीटरांवर चन्नपट्टण लागते. लाखेच्या रंगीत खेळण्यांचे हे गाव. २००५-०६ साली येथील खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

लाखकाम म्हटले की आम्हां बेळगावकरांना सावंतवाडी आठवावी हे रास्तच आहे. अंबोलीचा घाट उतरले की तेथील लाकडी फळे आणि भातुकलीचे संच ज्याच्या त्याच्या घरी पोचलेले. पण आमचे काम खेळण्यांपाशी नव्हते, खेळणी घडविताना होणाऱ्या चुकांपाशी होते. आणि ज्या गावी घरोघर खराद फिरते त्या गावी चुकांचे जाणकारही पुष्कळ असणार, असा आमचा होरा.

वाडग्याची हकीकत अशी. आमच्या शाळेस एका माजी विद्यार्थ्याने लहानसे लेथ यंत्र दिले होते. गेल्या वर्षी आषाढातल्या वादळात शाळेच्या आवारातला आंबा पडला. फुकटचे लाकूड वाया कशाला घालवा, म्हणून आम्हीच त्याचे तुकडे करवून कार्यानुभवाच्या तासाला दिले. नववीतला एक मुलगा, सुताराच्या घरचा, त्याने पहिल्याच आठवड्यात एक वाडगा कातला आणि आम्हांस आणून दिला. तीन दिवसांत तो काठापासून बोटभर तडकला. दुसरा वाडगा यंत्रावर असतानाच फुटला आणि त्याची कपची मुलाच्या भुवईला लागली. चार टाके पडले. डोळा वाचला. आम्ही यंत्रावर गोणपाट घातले, खोलीला कुलूप लावले, आणि शाळेच्या नोंदवहीत लिहिले, ‘विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणामुळे अपघात.’ मुलाचे वडील भेटीस आले तेव्हा एक शब्दही बोलले नाहीत. मुलगाही त्यानंतर त्या खोलीकडे फिरकला नाही.

चन्नपट्टणात उतरल्यावर प्रथम जाणवली ती जुन्या हमरस्त्यावरची शांतता. २०२३ साली बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून गेला, आणि खेळण्यांसाठी थांबणाऱ्या मोटारी त्याच मार्गाने गेल्या. दुकाने रंगांनी भरलेली आहेत. दुकानदार मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेले. गल्लीत शिरले की यंत्रांची घरघर कानी येते. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला येथे रुजविली, असे परंपरा सांगते. बावास मियाँ यांचे नाव येथे आजही आदराने घेतात.

एका घराच्या ओसरीवर साठीचे एक उस्ताद काम करीत होते. आमचे कन्नड बऱ्यापैकी असले तरी त्यांची घरची भाषा दखनी. तीत ‘नक्को’ हा आपलाच शब्द इतक्या सहज येतो की परक्या गावीसुद्धा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटावे. आम्ही वाडगा पुढे केला. त्यांनी तो उलटा केला, काठावरून अंगठा फिरविला, बुडाला बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि विचारले, “हेडमास्टर साब, लकडी गीली थी ना?”

आम्ही होय म्हटले. मग वैद्याने नाडी पाहून पथ्य सांगावे तसे ते सांगत गेले. ओल्या लाकडाचा वाडगा घडविताना गोल असतो, सुकताना तो लंबगोल होतो. कारण लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, आडवे मात्र आक्रसते. त्यातून या वाडग्याचे बूड जाड आणि भिंत पातळ. पातळ भाग आधी सुकला, जाड मागे राहिला आणि ओढाताणीत काठ फाटला. ओल्यातच काम करणे असेल तर पहिल्या खेपेस सगळीकडे सारखी जाड भिंत ठेवून ओबडधोबड कातावे, सावलीत महिनोन् महिने सुकू द्यावे, आणि मग पुन्हा यंत्रावर चढवून पक्के करावे. ओंडका कापल्यावर त्याची टोके मेणाने माखावीत, म्हणजे टोकांतून घाईने पाणी जात नाही. लाकडाच्या मधोमध जो गाभा असतो तो वाडग्यात येऊ देऊ नये; तडा बहुधा तेथूनच निघतो.

येथील कारागीर काळ्या कुड्याचे लाकूड वापरतात. हस्तिदंतासारखे पांढरट आणि मऊ रेषांचे, तेही सुकवूनच. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंगाचा पट्टा बसतो. मग केवड्याच्या पातीचा तुकडा धरतात. त्याने लाख सारखी पसरते आणि चकाकी येते. लाकडात ओल असली किंवा भुसा चिकटलेला असला, तर हीच लाख पुढे कपच्यांनी सुटते.

दुसऱ्या वाडग्याबद्दल आम्ही सगळेच सांगितले. उस्तादांनी पटाशी हातात घेतली. त्यांचा नातू पंधरा-सोळा वर्षांचा, त्याला पुढे बसविले. धार एकदम लाकडात घालू नये; प्रथम धारेची पाठ लाकडाला टेकवावी, मग मूठ हळूहळू उचलावी, धार आपोआप लागते. पोरगा घाईत होता, पटाशी खटकन अडकली. “जोर नक्को,” उस्ताद म्हणाले. हत्यार टेकवायची पट्टी लाकडापासून दूर राहिली, की हत्याराची लांबी वाढते आणि हात हरतो. कोरताना खोली वाढत जाते तशी पट्टीही आत सरकवावी लागते, त्यासाठी यंत्र बंद करावे लागते, आणि नवख्याला नेमका याचाच कंटाळा. यंत्र सुरू करण्यापूर्वी लाकूड एकदा हाताने फिरवून पाहावे, टिचकीचा आवाज पोकळ आला तर ते जळणात टाकावे, आणि काही झाले तरी फिरत्या लाकडाच्या समोर उभे राहू नये.

रेषे उपटलेला खडबडीत भाग आम्ही दाखविला. आमच्या शाळेत तो पॉलिश पेपरने घासण्याचा बराच खटाटोप झाला होता. उस्ताद हसले. हा धारेचा आणि दिशेचा दोष, घासून जात नाही. फळीतून घडणारा वाडगा बाहेरून बुडाकडून काठाकडे कातावा आणि आतून काठाकडून मध्याकडे. उभ्या ओंडक्याच्या टोकावर कोरताना आतली दिशा उलटी, मध्यापासून काठाकडे. धार नव्याने लावून एकच बारीक हात फिरवला तर खडबड निघते. पण आमचा वाडगा आता लंबगोल. पुन्हा चढविला तर पटाशी दोनच बाजूंना लागेल आणि पातळ भिंत आरपार जाईल. तो आहे तसाच ठेवणे भाग होते.

तडा मात्र त्यांनी भरून दिला. लाल लाखेचा चुरा फटीत दाबला, तापल्या लोखंडाने वितळविला, थंड झाल्यावर खरवडला आणि पातीने घासला. काम चालू असता मान वर न करता त्यांनी विचारले, “बच्चे को लकडी किसने दी?”

“आम्हीच,” आम्ही मराठीतच बोलून गेलो. ते त्यांना कळले असावे. त्यांनी पुढे काही विचारले नाही, आणि घेतले ते चहाचे आमंत्रण स्वीकारल्याबद्दलचे आभार, पैसे नाहीत.

शाळा उघडली त्या आठवड्यात नोंदवहीतल्या जुन्या शेऱ्याखाली आम्ही तारीख घालून दुसरा शेरा लिहिला: लाकूड ओले होते, ते मुख्याध्यापकांनी दिले होते, आणि यंत्रापाशी शिक्षक नव्हते. सही केली. मग दहावीच्या वर्गातून त्या मुलाला बोलावून वाडगा त्याच्या हाती दिला आणि वही त्याच्यासमोर उघडी ठेवली. त्याने ती वाचली. भुवईवरची खूण अजून पांढरी दिसत होती. बराच वेळ तो त्या लाल रेघेवरून बोट फिरवीत उभा राहिला.

“सर,” तो म्हणाला, “उरलेला आंबा कुठं ठेवलाय? टोकांना मेण लावलंय का?”

लावले नव्हते. कुलूप काढून आम्ही दोघे ते तुकडे पाहावयास गेलो.