आखूड दिवसांचा कांदा

गर्न्सी बेटावर २०२३ साली एका बागवानाने जवळजवळ नऊ किलोचा कांदा पिकवला! कासूला आमच्या परसात आई अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची रोपे लावते; तो मुठीत मावतो. तिकडे उन्हाळ्यात दिवस सोळा तासांहून मोठा. आधी पात भरपूर वाढते, मग कांदा पोसतो. आपला कांदा हिवाळ्यातल्या अकरा तासांच्या दिवसावरच पोसतो. खत कितीही घाला, दिवस कसा लांबवणार? पण अलिबागच्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते गोडीमुळे. माळ विणता विणता आई म्हणाली, "नऊ किलोच्या कांद्याची माळ कशी रे विणायची?" अशा माळा विकूनच माझी फी भरली जाते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गाडी आणि घरकाम वजा जाता माझाही दिवस आखूडच. तेवढ्यात पोसेल ते गोड निघावे, एवढेच मागणे.