सिअ‍ॅटलची माती

मुलीकडे अमेरिकेत गेलो असता सिअ‍ॅटल शहरी आम्ही उभयतांनी 'रिकम्पोज' ही जागा पाहिली. इथे प्रेत जाळत नाहीत, पुरत नाहीत. त्याची माती करतात. वॉशिंग्टन राज्याने २०१९ साली तसा कायदा केला, अमेरिकेत पहिलाच. पोलादी पिंपात लाकडाच्या ढलप्या, लसूणघास व पेंढा घालून त्यात देह ठेवतात, हवा खेळती ठेवतात. जिवाणूंच्या कामाने आत ५५ अंशांच्या वर उष्णता होते. थंडीत उकिरड्यातून वाफ निघते ना, तेच! पाच ते सात आठवड्यांत माती; उरलेली हाडे दळून तिच्यातच मिसळतात.

खर्च सुमारे ७,००० डॉलर. सौ.नी कानाला हात लावला. आमच्या आईच्या वेळी भर पावसात लाकडे उसनी आणली होती, तीही ओली. आणि जाळायचे कुठे, तर ओढ्यापलीकडे, आपल्या वेगळ्या स्मशानात.

घरच्यांनी नेली नाही ती माती जंगलाला देतात. सौ.नी विचारले, "त्या जंगलात कुणाची माती कुठे टाकायची, हे ठरलेले असते का?" मुलीने इंग्रजीत दोनदा सांगितले, पण दाखवणाऱ्या बाईंना प्रश्नच कळेना.