दोन रेघांचा छेद

हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टान्त संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. नाणे घरातच आहे हे तिला ठाऊक होते. नेमके कुठे, हे मात्र ठाऊक नव्हते. शोधाचे सारे कष्ट या दोहोंमधल्या अंतराचे असतात.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या भावजयीची लग्नाची अंगठी वाडीतील अळूच्या वाफ्यात पडली. भाऊ निवर्तल्यापासून ती तिच्या बोटातून कधी निघाली नव्हती. संत अंतोनीची प्रार्थना झाली, माती चाळून झाली. अखेर गावातील एका तरुणाने धातुशोधक यंत्र आणले.

या यंत्राच्या दांड्याच्या टोकाला तारेच्या वेटोळ्याची चकती असते. तिच्यातून क्षणोक्षणी बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरते. वाटेत धातू आला की त्यात क्षीण विद्युतप्रवाह उमटतो आणि यंत्र निनादते. पण नाद ऐकू येणे म्हणजे जागा सापडणे नव्हे. चकती वीतभर रुंद, अंगठी बोटाएवढी! म्हणून तो तरुण चकती जमिनीला समांतर ठेवून डावी-उजवीकडे फिरवी आणि आवाज सर्वांत मोठा होई तिथे रेघ ओढी. मग काटकोनात वळून पुन्हा तसेच करी. दोन रेघा छेदत तिथे मातीवर क्रूस उमटे, वस्तू त्याच्याखाली. आधी गंजका खिळा निघाला, मग पत्र्याचे झाकण. तिसऱ्या खेपेस त्याने छेदाच्या जरा बाजूने खुरपे घातले आणि चार बोटे खोलीवर सोने चमकले. भावजय काही बोलली नाही. तिने फक्त क्रुसाची खूण केली.

मला मात्र अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आठवला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. देहात रुतलेली गोळी शोधण्यासाठी बेलने असेच यंत्र सिद्ध केले व २६ जुलै आणि १ ऑगस्टला ते अध्यक्षांच्या अंगावरून फिरवले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, असे मानतात. त्याहून मोठी अडचण माणसाची होती. गोळी उजव्या अंगाला आहे, अशी डॉक्टर ब्लिस यांची खात्री असल्यामुळे शोध त्याच बाजूला झाला. अस्वच्छ बोटांनी व हत्यारांनी चाचपलेली जखम दरम्यान चिघळत गेली. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली.

वाटणीवरून अबोला धरलेली घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. सल कुठे रुतला आहे, हे प्रत्येकाने आधीच ठरवलेले असते; तो तिथेच चाचपत राहतो आणि जखम वाढते. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी सदसद्विवेकाची तपासणी करतानाही आपण सोयीच्या बाजूनेच शोधतो. एकदा आपल्या बाजूने आणि एकदा समोरच्याच्या बाजूने गेल्यावाचून नेमकी जागा कळत नाही. हा मार्ग लांबचा वाटतो खरा. पण मग खणावे लागते ते थोडेच.