उसने ऊन

कासवाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. माणूस, मांजर, चिमणी यांची शरीरे खाल्लेल्या अन्नातून उष्णता निर्माण करतात. म्हणून पौषातल्या पहाटेही त्यांचे रक्त उबदार राहते. कासवाला मात्र ही ऊब सूर्याकडून उसनी घ्यावी लागते. ऊन मिळाले की ते चालते, चरते, खाल्लेले पचविते. ऊन सरले की त्याचे पाय जड होतात आणि पोटातला घास तसाच पडून राहतो.

हे उसने घेण्याचे काम कासव किती चतुराईने करते, याची नोंद इंग्लंडातील सेल्बोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकांनी करून ठेवली आहे. १७८० साली आत्याच्या निधनानंतर तिचे म्हातारे कासव ते आपल्या घरी घेऊन आले. त्याचे नाव टिमथी. (नाव मुलाचे असले, तरी ते मादी होते, पण हे उमगले ते तिच्या मृत्यूनंतर!) शरद ऋतूत ऊन मंदावले, की टिमथी बागेतील भिंतीला रेलून आपले कवच तिरपे करी. कलत्या उन्हासमोर पाठ अशी धरली, म्हणजे अधिक ऊब अंगी लागते.

टिमथी चांगली थोराड होती आणि थंडीचे महिने जमिनीत स्वतःला पुरून घेऊन झोपेत काढी. पिल्लाची गोष्ट निराळी. इटली, ग्रीस अशा उन्हाच्या देशांत राहणाऱ्या हर्मन जातीच्या कासवाचे अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू आगपेटीवर सहज मावते. वजन म्हणाल तर दहा-बारा ग्रॅम. बशीतला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसेच या इवल्या देहाचे आहे. ते चटकन तापते आणि चटकन गारही पडते. म्हणून इंग्लंडात अशी पिल्ले पाळणारे बरेच लोक पहिल्या हिवाळ्यात त्यांना घरातच जागे ठेवतात. (आपल्या देशात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातले तारा-कासव धरून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्याचे ऊन रानातच बरे!)

अशाच एका इंग्रजी घरातील मुलीला जानेवारी महिन्यात आईवडिलांबरोबर चार दिवस परगावी जायचे होते. तिच्या पिल्लाची उघड्या तोंडाची लांबट लाकडी पेटी खोलीत टेबलावर होती. पेटीच्या एका टोकाला वर दिवा टांगलेला. त्याच्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब. दुसऱ्या टोकाला दिवाच नव्हता. तेथे जेमतेम २० अंश. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातले, हाडांना हवे असलेले अतिनील किरण काच बहुतांशी अडविते. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी नळीही लावलेली होती.

घर बंद राहणार, तर पिल्लू गारठू नये म्हणून आणखी एक मोठा दिवा लावून सगळी पेटी ऊबदार करून ठेवावी, असे मुलीच्या मनात आले. विचार मायेचा होता, पण घातक होता. चार दिवसांची सुस्ती कासव सोसू शकते. पण पळायला गार कोपराच उरला नाही, तर अति उष्णतेने थोड्याच वेळात त्याचे प्राण जातात. पेटीखाली तापणारी गादी घालणेही तितकेच वाईट. रानात फार ऊन झाले की कासव माती उकरून खाली शिरते, कारण खाली गारवा असतो. खालूनच चटका बसू लागला, तर त्या बिचाऱ्याने जावे कोठे?

म्हणून दिवा होता तोच राहिला. सकाळी तो लावणारे आणि रात्री विझविणारे घड्याळ वडिलांनी बसविले. उष्णता ठरल्यापेक्षा वाढली की दिवा मंद करणारा थर्मोस्टॅटही होता. त्याची तापमान ओळखणारी तार त्यांनी दिव्याखालच्या जागी पक्की बांधली. ती तार सुटून गार कोपऱ्यात पडली असती, तर यंत्राने पेटी थंड आहे असे समजून दिवा प्रखरच ठेवला असता! दिव्याला जाळी होती आणि तो लोखंडी साखळीने टांगलेला होता. जवळपास सुके गवत नव्हते. निघण्यापूर्वी तीन दिवस हे सारे तसेच चालू ठेवून मुलीने दोन्ही टोकांचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत टिपले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राला करता येण्याजोगी नव्हती. दगडावर चढताना पिल्लू कधी कधी उताणे पडते. पुष्कळदा ते धडपडून सावरते. पण ऐन दिव्याखाली सावरता आले नाही, तर तेच उसने ऊन त्याचा काळ ठरते. म्हणून शेजारच्या आजीबाईंना किल्ली दिली गेली. मुलीने त्यांच्यासाठी एका कागदावर सारे लिहून ठेवले : उथळ ताटलीत पाणी, डँडेलियनची पाने, समुद्रफेनाचा तुकडा कोठे असतो, आणि सर्वांत आधी पिल्लू पायांवर आहे की नाही ते पाहणे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीबाई आल्या, तर पेटीत पिल्लू दिसेना. दिव्याखाली नाही, दगडामागे नाही, ताटलीपाशीही नाही. त्यांच्या छातीत धस्स झाले. थरथरत्या हाताने त्यांनी तो कागद पुन्हा उघडला. अगदी तळाशी, जागा अपुरी पडल्यामुळे बारीक अक्षरांत मुलीने लिहिले होते, 'दिसले नाही, तर गार कोपऱ्यातील शेवाळाखाली बोटाने हळूच चाचपून पाहावे.'

आजीबाईंनी बोट घातले. ओलसर मातीत काहीतरी टणक लागले. त्यांनी माती जराशी बाजूला सारली, तेव्हा सुरकुतलेल्या मानेवरचा एक काळा डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिले न पाहिलेसे केले आणि पुन्हा मिटला. त्यांनी माती होती तशी वर लोटली, ताटलीतले पाणी बदलले आणि दार हलकेच ओढून घेतले.